मिरचीला विटाळ नसतो

शिंदे की छावनीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मिरच्या लावल्या त्या माझ्या लेकीनं. रंगाच्या रिकाम्या डब्यांना स्वतः भोकं पाडली, मातीत शेणखत कालवलं, आणि शाळेतून आली की दप्तर टाकून आधी वर धावायची. रोपं फुलावर आली, त्याच सुमारास तिची पाळी सुरू झाली.

आठवडाभरात पानं आकसली, कडा वर वळल्या. सासूबाईंनी लगेच निदान केलं की पोरीनं त्या दिवसांत रोपांना हात लावला. ग्वाल्हेरात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या, बोलण्यात निम्मी हिंदी शिरली, दक्षिणेतलं मूळ गाव आता कुणाला नकाशात दाखवता येत नाही. पण तिकडून आणलेला विटाळ मात्र जसाच्या तसा शाबूत. लेकीला गच्ची बंद झाली. आपल्याच हातानं रोपं मेली, असं धरून ती रडत बसली.

माझं डोकंच फिरलं. पांढरा कागद घेतला, लेकीला हाताला धरून वर नेलं आणि एका शेंड्यावर टिचकी मारली. कागदावर पिवळसर, बारीक किडे वळवळले. फुलकिडे. कोवळ्या पानांतला रस शोषतात, त्यानं पान वळतं. कोरड्या उन्हात तर ते हटकून येतात. कागद तसाच खाली आणून सासूबाईंच्या चष्म्यासमोर धरला. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पण विटाळानंच आले असतील न." झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

पार आकसलेली रोपं आम्ही उपटून टाकली. बाकीच्यांसाठी वाळक्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, पाणी गाळून त्यात थोडा साबण मिसळला, आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा मारत गेलो. पंप लेकीच्या हातात, अडचण असो की नसो. मी हट्टानंच दिला. हळूहळू नवी पानं सरळ निघाली, मग मिरच्या लागल्या.

तोडायची वेळ आली ती नेमकी तिच्या पाळीत. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. लेक थबकली, माझ्याकडे बघू लागली.

"आई, तिनं लावल्यात, तीच तोडेल," मी सासूबाईंना म्हणाले. "ज्याला चालत नाही त्यानं फिकं खावं."

लेकीला तेवढंच हवं होतं. "आजी, जरा हटा न, धूप तेज़ हो जाएगी," म्हणाली आणि वर गेली.

दुपारी ठेचा केला. सासूबाईंनी खरंच फिका वरणभात घेतला. वाईट वाटलं मला. तिखटाशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. तरी ठेच्याची वाटी मी मधोमध ठेवली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच माझी लेक वेगळं ताट न घेता आजीच्या शेजारी बसून पोटभर जेवली.