दोनशे गुण कमी

नीटच्या दुसऱ्या खेपेला वैजापूरच्या अंबिकेचे गुण तिपटीनं वाढले. तेव्हापासून ती जणू हवेतच तरंगत होती. खोली घेऊन राहायची त्या पुंडलिकनगरात पेढे वाटताना मात्र जो तो पेढा तोंडात टाकून विचारायचा, "सेंटर कुठलं होतं गं?" पेपर फुटल्याचा तो संशय पेढ्याहून चिकट! मग पुढच्या दारापासून ती चक्क दोनशे गुण कमी सांगू लागली. लोकांना लगेच पटलं.

शेवटी घरमालकीण द्वारकाबाईंनाही तिनं तेच सांगितलं. म्हातारीनं पेढा तसाच हातात धरला.

"एवढेच? वर्षभर भिंतीआडून ऐकलंय मी. झोपेतसुद्धा उत्तरं म्हणायचीस तू. बाकीचे गुण कुणी चोरले गं, पोरी?"