आत्याच्या मनगटावरचे ठिपके

आत्याला कोड होतं. चाळिशीत ओठाच्या कडेला पहिला डाग आला, मग मनगटं आणि बोटं पांढरी होत गेली. आमच्या बोरी गावात ती बायकांचे ब्लाउज शिवायची. माप घेताना समोरची बाई तिच्या हातांकडे बघते, हे तिला कळायचं. मग ती जास्तच बडबड करायची.

पन्नाशी उलटल्यावर तिनं परभणीच्या एका दवाखान्यात प्रकाशाचे उपचार सुरू केले. आठवड्यातून दोनदा बसनं जायचं, काळा चष्मा लावून दिव्यांच्या कपाटात उभं राहायचं आणि परत यायचं.

"आता या वयात?" आईनं विचारलं.

"पुढचा जन्म तर आपल्यात न्हाई," आत्या म्हणाली. "मग कवा करू?"

मी तेव्हा परभणीलाच एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काचेच्या बश्यांमध्ये वाढवायच्या, त्यांच्यावर तसलाच प्रकाश सोडायचा आणि काय होतं ते बघायचं, हे माझं काम. सुरुवातीला माझा अंदाज चुकला. प्रकाश जास्त झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी गोल होऊन पाण्यावर तरंगताना दिसल्या. रविवारी घरी जेवताना मी हे हसत हसत सांगितलं.

आत्याचा घास हातातच राहिला. "मेल्या? सगळ्या?"

"हो गं."

दोन दिवसांनी आईचा फोन आला, "आत्या लाईट घ्यायला गेली न्हाई. न्हाईच जायचं म्हणायलीय."

मला हसू आलं आणि धसकाही बसला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारून मी आत्याला तिथं बोलावलं. ठेवणीतली साडी नेसून ती आली. दारातच तिनं मॅडमना जयभीम घातला, चपला काढल्या आणि सूक्ष्मदर्शकापुढं बसली.

"काईच दिसंना."

मी फिरकी जराशी फिरवली. आत्या एकदम ओरडली, "आगं, हात हायत की ह्यांना!"

खरंच, रंगाच्या पेशींना लांब लांब फाटे असतात. मी म्हणाले, "त्या हातांनी त्या शेजारच्या पेशींना रंग वाटतात."

"मग माझ्या कुठं गेल्या?"

"डागातल्या संपल्या. पण काही केसांच्या मुळाशी दडून असतात. उजेड त्यांना बाहेर काढतो."

मग मॅडमनी दोन नळ्या तिच्यासमोर धरल्या. दोन्हींच्या तळाशी पेशींचा बारीकसा गोळा होता. प्रकाश न दिलेला फिकट होता आणि बेतानं प्रकाश दिलेला चहासारखा तपकिरी. "डॉक्टर तुमचा उजेड जरा जरा वाढवतात," मॅडम म्हणाल्या. "हिनं त्या दिवशी एकदम दिला."

आत्यानं माझ्याकडं वळून बघितलं. "म्हणजे नायलॉनवर सुती कापडाची इस्त्री फिरवलीस!"

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून लोक डोकावले. त्याच दुपारी आत्या दवाखान्यात गेली. मी सोबत होते. कपाटात उभी राहून तिनं आतून विचारलं, "रंग वाटायलेत का गं आता?"

पावसाळा सरता सरता एका सकाळी तिचा फोन आला. बोलणं घाईघाईचं होतं. मनगटावर केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटले होते, तीळ सांडल्यासारखे. मी गावी गेले तेव्हा दारातच तिनं हात पुढं केला. मी तो कितीतरी वेळ बघत राहिले. बशीतल्या पेशी मी रोज बघत होते, पण असा आनंद तिथं कधी झाला नव्हता.

हळूहळू ठिपके एकमेकांना मिळाले. मनगटं भरली, ओठाची कड भरली. बोटं मात्र पांढरीच राहिली. तिथं केस फारसे नसतात, त्यामुळं रंग सहसा परत येत नाही, असं डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, ती खट्टू होईल.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "काळ्या कापडावर शिवताना बोटं तरी दिसतेत."

आता तिचे उपचार थांबलेत, तरी ती अधूनमधून दवाखान्यात जाते. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीच्या गालावर डाग आलाय, तिला घेऊन. बसमध्ये आत्या तिला खिडकीची जागा देते आणि हात असलेल्या पेशींची गोष्ट सांगते. मागच्या खेपेला मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. आत्याच्या गोष्टीत त्या पेशींना पायही फुटले होते. मी दुरुस्त केलं नाही, कारण मुलगी हसत होती.