पक्षाच्या आधी पोचलेला डबा

भरतीच्या कामात दिवसाचे तुकडे उमेदवारांच्या सोयीने पडतात. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात सकाळ बेकार उमेदवारांची असते. ते पहिल्याच रिंगला फोन उचलतात. नोकरीत असलेले जेवणाच्या सुट्टीत बोलतात, तेही जिन्यात उभं राहून, कुजबुजत. संध्याकाळ घरच्यांची. लालबाग-परळमध्ये नोकरीचा निर्णय उमेदवार एकटा घेत नाही, हे कळल्यावर मी कॅलेंडरात संध्याकाळच्या रकान्यावर ‘सासू’ असं लिहून ठेवलं. वडील, मामा, थोरले दीर सगळे त्यातच येतात.

एवढं बसवूनही वर्षातला एक पंधरवडा हाती लागत नसे. गणपती गेले की पितृपक्ष, आणि पक्षात नव्या नोकरीवर कोणी हजर होत नाही. सगळ्यांना घटस्थापनेचा मुहूर्त हवा. त्या एका सकाळी शहरभर माझे उमेदवार रुजू होत आणि मी दोन्ही कानांना फोन लावून बसे.

शेजारच्या टेबलावर खोताच्या वाडीतली माझी ख्रिस्ती सीनियर. तिला या गोष्टीची गंमत वाटे. “आमचा अख्खा नोव्हेंबर मेलेल्यांचा असतो रे,” ती म्हणायची. “तरी आम्ही कामाला येतोच ना? आमचे पूर्वज समजूतदार.”

त्या वर्षी परळच्या एका लॅबला हिशेब विभागात माणूस हवा होता. लालबागच्या चाळीतली एक बाई निवडली गेली. मुलांच्या पायी तिची नोकरी सुटली होती. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी तिला हो म्हटलं होतं. लॅबचं ट्रेनिंग सोमवारी सुरू होणार होतं आणि पक्ष लागत होता रविवारी. लॅबच्या मॅनेजरने स्वच्छ सांगितलं, “सोमवारी बाई आली नाही, तर दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला बोलवा.”

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या घरी फोन लावला. तो सासूबाईंनी घेतला.

“पक्षात नवा काय्येक सुरू करूचा नाय.”

“आजी, नोकरी जाईल हो तिची.”

“जाऊंदे. माझ्या घोवाचा पान वाढूचा आसा. तुमचो सायब येतलो वाढूक?”

मागून सून म्हणाली, “आई, पान मी वाढीन. त्या दिवशी सकाळी लवकर उठेन.” तिचा आवाज रडवेला झाला होता. 

मग सासूबाई वेगळ्याच सुरात बोलू लागल्या. त्यांचे यजमान गिरणीत लागायला गावाहून निघाले, तेव्हा बोट नेमकी अमावास्येची होती. मग आदल्या दिवशी चांगली वेळ पाहून त्यांची वळकटी शेजारच्या घरी नेऊन ठेवली. याला प्रस्थान म्हणतात. सामान निघालं की माणूस निघालं, असं धरायचं.

“मग मी काय ऑफिसात वळकटी ठेवू?” सुनेने विचारलं.

“डबो ठेव गो! शनिवारी जा. आत तांदूळ नि सुपारी घाल.”

शनिवारी जेवणाच्या सुट्टीतले सगळे फोन रद्द करून मी लॅबच्या दारात उभा राहिलो. बाई नवी साडी नेसून आली. वॉचमनने डबा पाहिला आणि हात आडवा केला. “बेवारस वस्तू ठेवता येणार नाही.”

“बेवारस कशी? मी उभी आहे ना इथे,” ती म्हणाली.

“तुम्ही तर जाणार म्हणताय.”

मी मॅनेजरला खाली बोलावलं. तो पुण्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, डबा कानाशी नेऊन हलवला आणि विचारलं, “हा इथे राहिला की सोमवारी तुम्ही नक्की याल?”

“आले असं झालंच सर. सोमवारी फक्त उरलेली येईन.”

तो खो खो हसला. रिसेप्शनवरच्या मुलीने नमुन्यांच्या बाटल्यांना लावतात तसलं स्टिकर डब्यावर चिकटवलं, त्यावर बाईचं नाव लिहिलं आणि डबा काउंटरमागच्या कपाटात ठेवला. रस्त्यावर आल्यावर बाईने मला चहा पाजला. एकीकडे ती घरी फोन करत होती: “हो आई, स्टिकर लावून ठेवलाय.”

सोमवारी सकाळी, बेकार उमेदवारांच्या वेळेत, सासूबाईंचा फोन आला.

“पोचली ती? सही केली?”

“केली. ट्रेनिंगला बसलीय.”

“बरा झाला.” मग आवाज खाली आला. “शेजारची सून पण बी.कॉम. झाली हा. तिचा कधी बघतास?”

सीनियरने मान वर करून कोणाचा फोन म्हणून खुणेनेच विचारलं. मी कॅलेंडरातल्या ‘सासू’ लिहिलेल्या रकान्याकडे बोट दाखवलं आणि सासूबाईंना म्हणालो, “आजी, द्या तिला फोन.”