दुमडणारी सायकल

ग्रीसचा वास आला की जळगावचं ते जुन्या सायकलींचं दुकान आठवतं. मी बोदवडहून रोज पॅसेंजरनं कामाला यायचो. स्टेशनापासून कारखाना लांब होता आणि डब्यात नेता येईल अशी मधोमध दुमडणारी सायकल त्या दुकानात एकच होती. माझी उंची बघून दुकानदार हसला, "भाऊ, हाई पोरासनी सायकल शे, उंटनी नही." माझं डोकं भडकलं. "मग पोरांनी का नेली नाही? सीटवर बोटभर धूळ आहे!" मी पायरी उतरलो तसा तो निम्म्या भावावर आला. घरी बोअरच्या जुन्या पाइपाचे तुकडे जोडून मी सीट आणि हँडल वीतभर उंच केलं, आणि मुद्दाम त्याच्याच दुकानावरून गेलो. तो माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगत होता, "उंच माणसासाठी आम्हीच बनवून दिली." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, आणि सायकलही अजून मोडलेली नाही.