आवाज माझा, हाक कुणाची?

इथले भुताखेतांचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे. 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण...' अशी सुरुवात दिसली की गालातल्या गालात हसायचे. विश्वास नसलेल्यांनाच बरं दर अमावास्येला काहीतरी दिसतं! आता माझीच पाळी आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसून घ्यावं. माझा विश्वास तेव्हा नव्हता, आणि आज आहे असंही म्हणवत नाही. घडलं ते सांगते.

मी सीटी स्कॅनची टेक्निशियन. राहायला कसबा पेठेत, सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर. सेंटरचं नाव सांगत नाही, मालक फार वाचतात. दिवसभर माणसांच्या आतले फोटो काढणं हे माझं काम. स्क्रीनवर काही विचित्र दिसलं की आम्ही आधी बघतो, पेशंट हलला का, गळ्यातली चेन काढायची राहिली का... आणि बहुतेक वेळा चेनच निघते. त्यामुळे भुताखेतांबद्दल माझं मत साधारण काय असेल ते लक्षात आलंच असेल.

थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. छातीचा स्कॅन करताना पेशंटला काही सेकंद श्वास रोखावा लागतो. हलत्या पोराचा फोटो जसा हलतो, तसंच फुप्फुसाचं. त्यातही फुप्फुसाचा तळ, पोटाला लागून असलेला भाग, श्वास सुटला की नेमका पुसट येतो. कॅन्सरचा एखादा बारीक ठिपका तिथे असला तर त्या पुसट भागात बेमालूम लपतो. म्हणून ऐन वेळी मशिनमधूनच सूचना वाजते. आमचं मशिन नवीन आलं तेव्हा सूचना हिंदीत होत्या. पेठेतले एक आजोबा टेबलावर आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "अहो, निदान श्वास तरी मराठीत घेऊ द्या." झालं! आमच्या डॉक्टर मॅडमनी — म्हणजे रेडिओलॉजिस्ट, रिपोर्ट लिहितात त्या — मला माइकसमोर बसवलं आणि माझ्या आवाजात तीन वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. 'श्वास घ्या. रोखून धरा. सोडा.' तेव्हापासून मी रजेवर असले तरी माझा आवाज कामावर असतो. त्याचा पगार वेगळा मिळत नाही.

तर, पार्वताबाई. लोणी काळभोरच्या. सत्तरीच्या पुढच्या, काटक, कपाळावर बारीक गोंदण. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोही संपलेली. रक्ताच्या तपासणीत एक आकडा जरा वर सरकला होता, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी छाती आणि पोटाचा सीटी सांगितला होता. आजार परत आलाय की नाही, एवढाच प्रश्न. पण तो केवढा प्रश्न असतो ते रांगेत बसलेल्यांना विचारा. बरोबर मुलगा होता, संपत. चांगला पन्नाशीचा बाप्या, पण आईची पिशवी छातीशी धरून बसला होता.

"मॅडम, आईला खोकला लई हाय," तो म्हणाला. "चालंल ना?"

चालणार नव्हतं, पण तसं तोंडावर कसं सांगणार? आणि सांगायला मला आवाजही नव्हता. सीटीची खोली मशिनसाठी थंडगार ठेवतात. मशिनला ताप येऊ नये म्हणून आम्हाला सर्दी होते. त्या आठवड्यात माझा घसा असा काही बसला होता की तोंडातून नुसती हवा यायची. एरवी असा खोकणारा पेशंट असला की मी रेकॉर्डिंग बंद करते आणि स्वतः माइकवरून बोलत त्याला सांभाळून घेते. त्या दिवशी ते शक्यच नव्हतं. सगळा भार रेकॉर्डिंगवर.

पहिला स्कॅन वाया गेल्यातच जमा होता. पोट नीट आलं, पण छातीच्या वेळी 'रोखून धरा' वाजलं आणि आजींना खोकल्याची अशी उबळ आली की टेबल हललं. फुप्फुसाच्या तळाशी नुसता धूर. मी आत गेले, त्यांना बसतं केलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्या धापा टाकत म्हणाल्या, "मला न्हाई जमत गं पोरी. दमच पुरंना." डोळ्यांत पाणी आलं होतं. खोकल्याने असेल.

बाहेर कन्सोलपाशी, म्हणजे जिथून आम्ही मशिन चालवतो तिथे, मॅडम येऊन बसल्या होत्या. चित्रं बघून म्हणाल्या, "फक्त छातीचा एकदा परत करू, कमी डोसवर. नाही जमलं तर 'पेशंट हलल्याने तळ नीट दिसत नाही' असं लिहून देते. तीन महिन्यांनी बघतील पुन्हा." त्यांचं बरोबर होतं. रेडिएशन उगाच किती वेळा द्यायचं? पण आजार खरंच परत आला असेल, तर तीन महिने म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी आजींना पुन्हा झोपवलं, हात डोक्याच्या वर घेतले, बाहेर आले आणि बटण दाबलं. टेबल आत सरकलं. 'श्वास घ्या,' माझा आवाज. 'रोखून धरा.' मी स्क्रीनकडे बघत होते, आता खोकतील, मग खोकतील... नाही खोकल्या! एकेक चित्र काचेसारखं स्वच्छ उतरत होतं. 'सोडा.' झालं. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि आतल्या खोलीच्या कॅमेऱ्यात बघते तर आजींनी तो सोडलाच नव्हता. छाती हलत नव्हती. डोळे मिटलेले.

मी उठून धावणार तोच शेजारून मॅडम म्हणाल्या, "हौसे कुणाला म्हणालीस?"

मी घशाकडे बोट दाखवलं. मॅडमच्या कपाळावर आठी आली, पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. मी आत पळाले. मी टेबलापाशी पोचायला आणि आजींनी भस्सकन श्वास सोडायला एकच गाठ पडली. मग त्या चक्क हसल्या. पाण्यातून वर आलेलं पोर कसं हसतं, तशा.

"जमलं की न्हाई?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. कुजबुजत विचारलं, "सोडा म्हटल्यावर सोडला का नाही श्वास?"

"तूच तर म्हणलीस. हौसे, दम धर. सोडू नगंस. मी हाय."

खोली थंड होती म्हणून म्हणा, पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी असं काही म्हटलं नव्हतं. मला म्हणताच येत नव्हतं. आणि मी पेशंटला, त्यातून आजीच्या वयाच्या बाईला, अगं-तुगं कशाला करीन? 'हाय' म्हणायची तर आमच्या पेठेत जन्मात सवय नाही. माझ्या आवाजातलं जे ह्या दोघींनी ऐकलं, ते मॅडमपासून हातभर अंतरावर बसूनही मला ऐकू आलं नव्हतं.

बाहेर संपतरावांना मी सहज विचारल्यासारखं केलं — "आईंना घरी कुणी हौसा म्हणतं का हो?"

तो दचकलाच. "हौसा? ती माझी आज्जी. आईची सासू. कवाच गेली. आई ते नाव घेणारच न्हाई मॅडम, आमच्यात सासूचं नाव घेत न्हाईत. घरातल्या सुनांनी हौस हा शब्दसुद्धा कधी तोंडातून काढला न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईच्या डोक्यात काय गेलंय का ओ?"

मी म्हटलं, तसं काही नाही. मनात मात्र आलं, मेलेली सासू सुनेला हाक मारायला आली की काय! हसू नका. त्या दुपारी मला ते अगदी शक्य वाटलं होतं.

संध्याकाळी मॅडमनी मला स्क्रीनपाशी बोलावलं. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले होते. फुप्फुसाच्या अगदी तळाशी, छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटून, मुगाएवढा ठिपका. पहिल्या स्कॅनमध्ये त्याच जागी नुसता धूर. मॅडमनी आजींच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. पुढे लहानसं ऑपरेशन होऊन तो ठिपका काढला गेला. आजार तोच निघाला, पण एकाच जागी होता, आणि वेळेत सापडला होता.

मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. सर्व्हिस इंजिनिअर आला तेव्हा त्याला सगळी रेकॉर्डिंग्ज वाजवायला लावली. तीनच वाक्यं. "मॅडम, ह्यात हौसे वगैरे काही नाही," तो बिचारा म्हणाला, आणि तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतो.

आजी पुढच्या तपासणीला आल्या त्या तब्येतीने सुधारून. खोकला गेलेला. स्कॅनच्या औषधाची सुई लावताना आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी सरळ विचारलं, "आजी, त्या दिवशी तुमच्या सासूबाईंनी हाक मारली का हो?"

त्या एवढ्या हसल्या की सुई हलली. "सासू कशाला मरायला मला दम धर म्हणतीय? अगं, हौसा मीच."

माहेरचं नाव! लग्न ठरलं तेव्हा कळलं की सासूचंही नाव हौसा. एका घरात दोन हौसा कशा चालतील? बोहल्यावर नाव बदलून पार्वती केलं. आणि सासूचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे स्वतःचं नावही घ्यायची सोय उरली नाही. नवऱ्याला माहीत होतं, तो गेला. मुलांना कधी सांगितलंच नाही. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, आधार कार्डावर पार्वती.

"मग दम धर कोण म्हणायचं?"

"दादा माझा. थोरला." दौंडकडे त्यांचं माहेर. भावाने त्यांना विहिरीत पोहायला शिकवलं होतं, पाठीला सुका भोपळा बांधून. "म्या लई भ्यायची. पाण्यात गेलं की त्यो पायरीवरनं वरडायचा, हौसे, दम धर, मी हाय. लग्नानंतर त्यो बी पार्वतीच म्हणाया लागला. सासरच्यांम्होरं काय करंल? त्याला जाऊन बी लई वर्सं झाली."

"पण आवाज तर माझा होता म्हणालात?"

"आवाज तुझाच," त्या ठामपणे म्हणाल्या. "बोलणं त्याचं."

मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजींचं मी समजू शकते. घाबरलेल्या माणसाच्या डोक्याने 'रोखून धरा'चं 'दम धर' केलं असेल. लहानपणचं आठवतं माणसाला."

"आणि तुम्ही ऐकलंत ते?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या पाठीला कुणी भोपळा बांधला नव्हता," म्हणाल्या. "पुढचा पेशंट घे."

माझ्याकडेही ह्यापुढे सांगण्यासारखं काही नाही. कुणी म्हणेल योगायोग, कुणी म्हणेल मॅडमना भास झाला. पण मॅडमना तो शब्द ऐकू आला तेव्हा आजींनी तोंडही उघडलं नव्हतं, आणि ते नाव आजींचं आहे हे माहीत असलेलं दुसरं माणूस त्या इमारतीत नव्हतं. कारण मला सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते शोधतही नाही.

त्या तपासणीचं राहिलंच. टेबलावर झोपल्यावर आजींनी माझा हात धरला. "पोरी, आज घसा बरा हाय ना तुझा? मग तूच म्हण की. त्या नावानं हाक माराया आता कुणी न्हाई बघ." मी बाहेर येऊन रेकॉर्डिंग बंद केलं. माइकचं बटण दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका पेशंटला अगं-तुगं केलं. "हौसे, दम धर. मी आहे इथे." मला 'हाय' काही जमलं नाही.

मॅडमनी चित्रं तिथल्या तिथे बघितली आणि मान हलवली. सगळं स्वच्छ होतं, ठिपका कुठेच नव्हता.

मागे वळले तर दारात संपतराव उभे. पिशवी छातीशी. कधी आले कळलंच नाही.

"मॅडम, माझ्या आज्जीचं नाव कशाला घेतलं तुम्ही?"

मी म्हटलं, "आज्जीचं नाही घेतलं. तुमच्या आईचं घेतलं."

आजी पदर सावरत बाहेर आल्या, तर हा त्यांच्याकडे बघतच राहिला, पन्नास वर्षांत न बघितल्यासारखा.

"आई... तुझं नाव हौसा हाय?"

"हाय," त्या म्हणाल्या. "चल आता, सकाळधरनं पोटात काय न्हाई."