बोलण्याचं केंद्र

माझ्या थोरल्या साडूंइतका माणसांच्या डोक्यात शिरलेला आणि मनाच्या उंबऱ्याबाहेर राहिलेला गृहस्थ मी अख्ख्या खानदेशात पाहिला नाही. त्यांना सगळे नाना म्हणत. धुळ्याच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळेतला प्लॅस्टरचा मेंदू त्यांनी रंग द्यायला म्हणून घरी आणला आणि तो कायमचा टीव्हीवर जाऊन बसला. लाल, निळे, पिवळे असे त्याचे भाग सुटे व्हायचे. आम्ही जळगावहून एसटीने धूळ खात यायचो, तर पाण्याच्या तांब्याआधी हातात त्यातला एखादा भाग पडायचा. "हा धरा. हा गेला की माणूस उभा राहू शकत नाही," असं ते इतक्या आपुलकीने म्हणायचे, की तो आपला आत्ताच गेलाय असं वाटून मी खाली बसत असे.

माणूस काय करतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. डोक्याचा कोणता भाग ते करवतो एवढंच हवं असायचं. एका लग्नात नवरदेवाचे मामा पिऊन बँडसमोर आडवे झाले. मुलीकडची मंडळी बाह्या सरसावून आली, तेव्हा नाना मध्ये उभे राहिले आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू मागे नेमका कुठे असतो, हे मामांचीच मान वळवून दाखवू लागले. हाणामारी टळली, कारण मारायला आलेले ऐकून ऐकून कंटाळले आणि जेवायला गेले. हिवाळ्यात शेतावर भरिताचा बेत असला, की इकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात आणि तिकडे नाना फ्लॉवरचा गड्डा उभा चिरून डावी बाजू उजवा हात कशी हलवते ते सांगत. मी खात्याच्या परीक्षेत नापास झालो, तेव्हा भरल्या पंगतीत सासऱ्यांना म्हणाले, "अभ्यास केला होता हो यांनी. साठवणीचा भागच आखूड, त्याला ते काय करणार?" तेव्हापासून सासरे माझ्याकडे दयेने पाहू लागले, ते अखेरपर्यंत. तो घास माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

पण मी आपला वर्षातून दोन-चारदा भेटणारा. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, त्या माणसाबरोबर संसार करत होत्या. पिंपळनेरहून त्यांची आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा अक्का दारासमोरच्या ओट्यावर बसून रडत होत्या आणि नाना शेजाऱ्यांना रडू मेंदूच्या किती आतून येतं ते समजावत होते. अक्का चिडल्या की नाना म्हणत, "खालचा मेंदू जागा झाला, वरचा झोपला." हसल्या तरी ते हसू त्यांचं नसे, कुठल्या तरी भागाचं असे. अक्का तोंडाने फटकळ. बडबडून मोकळ्या होत, आणि एवढ्यावरच त्यांचं निभत होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी अक्कांच्या उजव्या हातातून कप पडला, तोंड वाकडं झालं आणि त्या जमिनीवर कोसळल्या. नानांनी रिक्षा आणायला हवी होती. त्यांनी आधी अक्कांना नाकाला बोट लावायला सांगितलं, मग जीभ बाहेर काढायला. शेजारच्या काकू धावत आल्या, तर उजवा हात गेला म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला आणि बोलण्याचं केंद्रही तिकडेच, हा पाठ त्यांनी तिथेच सुरू केला. निदान अगदी बरोबर होतं. शेवटी काकू म्हणाल्या, "नाना, तिले पहिले दवाखानामा ली चाला. शाळा मंग भरावा." रिक्षाही काकूंनीच आणली. त्या उशिराने किती बिघडलं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण खाली पडल्या पडल्या अक्का ते सगळं ऐकत होत्या. याबद्दल मी नानांना मनातल्या मनात फार शिव्या दिल्या आहेत.

हात थोडा सुधारला, वाचा गेली ती गेलीच. नाना त्यांची वेणी घालू लागले, भाकरी कुस्करून भरवू लागले. गाणं मेंदूच्या उजव्या बाजूला असतं म्हणून रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून कानबाई देवीची गाणी म्हणत, आणि गल्ली तोंडाला पदर लावून हसे. अक्का भिंतीकडे तोंड करत. आलेल्या-गेलेल्याला नाना प्लॅस्टरच्या मेंदूतला पिवळा तुकडा दाखवत, "हा भाग मेला. बाकी शाबूत आहे."

दिवाळीनंतर आम्ही गेलो. नाना बाजारात गेले होते. मी बाहेरच्या खोलीत, बहिणी स्वयंपाकघरात. आतून फाटक्या आवाजात, एकेक शब्द ओढत कुणी तरी म्हणालं, "बस. चहा ठेव." आणि जरा थांबून, "त्यास्ले... सांगू नको." तो आवाज अक्कांचा होता. परतताना बसमध्ये बायकोने डोळे पुसत सांगितलं, की अक्का तिच्याशी बोलतात, काकूंशीही बोलतात. फक्त नवऱ्याशी नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुढच्या खेपेला नाना ओट्यावर अक्कांची वाळलेली साडी उतरवून घड्या करत बसले होते. बोलण्यात तो मेलेला भाग पुन्हा निघाला आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "नाना, अक्का बोलतात."

त्यांचे हात थांबले नाहीत. माझ्याशी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलणारा तो माणूस अहिराणीत म्हणाला, "माले माहीत शे. एक दुपारले शाळामाईन लवकर घर उनू. दारमाच तिना आवाज आयका. तसाच मांगे फिरी गऊ."

"मग लोकांना असं का सांगता?"

"जवलोंग ते केंद्र मरेल शे ना, तवलोंग तिले बोलता येस नही," ते म्हणाले. "ती नवरासंगेच बोलस नही, असं व्हस नही."

इतक्या वर्षांचा राग मी घेऊन आलो होतो. तो कुठे ठेवावा ते मला कळेना. आत भांडं वाजलं. नाना जरा पुढे झुकले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काय बोलस ती?"

"बस, चहा ठेव, असं म्हणाल्या," मी सांगितलं.

त्यांनी ते शब्द ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिले, आणि साडीची पुढची घडी घातली.