माणूस ओळखणारी गाडी

शेंद्र्याच्या माळावरच्या कंपनीत कायम झाल्यावर मी गाडी घेतली. चावी खिशात ठेवून दाराला हात लावला की उघडणारी. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखलेली. मेंढवाड्याचं फाटक दोनदा हलवून बघितल्याशिवाय ते कधी निजले नाहीत.

फुलंब्रीच्या एका लग्नात चावी मी त्यांच्याकडे दिली. मांडवातून ते तीनदा उठून गाडीकडं जाऊन आले. चौथ्यांदा मलाच ओढत नेलं.

"लई गंडवलं तुला. कुलूप लागतच नाय." त्यांनी हात लावला, दार उघडलं, आत समोर दार उघडं असल्याचा लाल दिवा लागला. "हे बघ, दिवा बी तेच सांगतोय."

माझं डोकं फिरलं. चार पाहुण्यांदेखत ओरडलो, "आबा, चावी तुमच्याच खिशात आहे! तुम्हाला ओळखते म्हणून उघडते ती!"

 ते दारावरून हात फिरवत हळूच म्हणाले, "तुझ्या कंपनीच्या फाटकाला असं बसवता येत नाय का रं? त्याच माळावर माझी हयात गेली. परवा तुझा डबा घेऊन आलो, तर फाटकावरचे कोण तुम्ही म्हणाले."